मासे खातात पण वाढत नाहीत, पोटात नुसती चरबी: फीडमधला प्रोटीन-एनर्जीचा ताळमेळ कसा तपासायचा

ही तक्रार दर सीझनला येते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी शब्द तेच असतात, "फीड चांगलं महागातलं टाकतोय, मासे खातात पण भरपूर, पण वजनच येईना." शेततळ्यावर रोहू-कटला-मृगल करणारे, पंगस (पंगॅसियस जातीचा मासा) करणारे, धरणात पिंजरे लावलेले, सगळ्यांकडे हा प्रॉब्लेम बघितलाय आणि दुरुस्तही केलाय, म्हणून एकदाच नीट सगळं लिहून ठेवतो.

आधी लक्षणं बघा, कारण दोन उलटे प्रॉब्लेम एकसारखे दिसतात आणि उपाय मात्र विरुद्ध आहेत.

एनर्जी जास्त आणि प्रोटीन कमी पडत असेल तर मासा गोल दिसतो, पोट लोंबतं, हातात मऊ लागतो, पण लांबी वाढत नाही. सुरुवातीला खाद्यावर तुटून पडतात आणि थोड्याच वेळात बाजूला होतात. एकाच दिवशी सोडलेल्या माशांत काही 600 ग्रॅमचे तर काही 200 चे असा मोठा फरक पडतो. कापल्यावर आतड्याभोवती पांढऱ्या चरबीचे जाड पट्टे दिसतात, गिऱ्हाईक तक्रार करतं की साफ केल्यावर निम्मा मासा जातो.

एनर्जी कमी आणि प्रोटीन नुसतं जळत असेल तर मासा काटकुळा असतो, डोकं मोठं आणि अंग बारीक. सतत भुकेला, कडेला येऊन तोंड मारतो. पाणी मात्र लवकर गडद हिरवं होतं, अमोनियाच्या किटचा रंग वर जातो. आणि खर्चाचा हिशोब केला तर सगळ्यात महागडं फीड वापरूनही नफा गायब.

हे असं का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण हे डोक्यात बसलं की पुढच्या तपासण्या आपोआप कळतात. मासा थंड रक्ताचा प्राणी, त्याला अंग गरम ठेवायला खर्च नाही, अमोनिया पण कल्ल्यातून सरळ पाण्यात सोडून देतो त्यामुळे तिथेही एनर्जी वाचते. म्हणून त्याची एकूण एनर्जीची गरज कोंबडीपेक्षा कमी आहे, पण अंग वाढवायला प्रोटीन तर लागतंच, म्हणून त्याच्या खाद्यात प्रोटीनचा वाटा जास्त ठेवावा लागतो. आता मासा साधारण एनर्जीची भूक भागेपर्यंत खातो. खाद्यात तेल आणि स्टार्च जास्त असलं की भूक लवकर भागते, तोंड बंद, आणि प्रोटीन मात्र पुरेसं पोटात गेलेलंच नसतं. उरलेली एनर्जी चरबी होऊन बसते. उलट खाद्यात तेल-स्टार्च कमी आणि प्रोटीनच प्रोटीन असलं तर मासा तेच प्रोटीन जाळून एनर्जी काढतो. म्हणजे पिशवीतला सगळ्यात महाग घटक तुम्ही जळण म्हणून वापरताय, आणि जळलेल्या प्रोटीनचा अमोनिया तुमच्याच पाण्यात. त्यामुळे पिशवीवरचा प्रोटीनचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, त्याच्या शेजारी एनर्जी किती आहे ते बघावं लागतं.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी. कृपया क्रम बदलू नका, कारण बरेच जण पहिल्या दिवशीच फीडची कंपनी बदलतात आणि दोष भलतीकडेच निघतो.

आधी वजन करा

अंदाजाने "वाढत नाहीत" म्हणू नका. फेकजाळं तळ्याच्या तीन-चार ठिकाणी टाका, जातीप्रमाणे वेगळे करून 20-30 मासे मोजा, सरासरी काढा, वहीत लिहा. खाद्य टाकायच्या जागेवरच जाळं टाकलं तर मोठे दांडगे मासेच येतात आणि सरासरी खोटी निघते, म्हणून लांबच्या कोपऱ्यातलेही घ्या. हे दर 15 दिवसांनी व्हायला पाहिजे.

मग एफसीआर काढा, म्हणजे त्या काळात टाकलेलं खाद्य भागिले वाढलेलं एकूण वजन. चांगल्या पेलेटवर (कारखान्यातल्या खाद्याच्या गोळ्यांवर) कार्प, म्हणजे रोहू-कटला-मृगल, 1.5 ते 2 च्या आसपास यायला हवेत, कोंडा-पेंडीच्या ओल्या गोळ्यावर तो आकडा 3 च्या पुढेही जातो कारण अर्ध खाद्य पाण्यात विरतं. हा आकडा नसेल तर पुढे काहीही बदललं तरी फरक पडला की नाही ते कळणारच नाही, म्हणून ही पायरी सोडू नका.

याच वेळी एक भानगड तपासा. पोट मोठं म्हणजे चरबीच असं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला दुसऱ्या वर्षाच्या रोहू-कटल्याच्या मादीत गाबोळी असते, तिलापिया तर काही महिन्यांतच अंड्यावर येतो आणि मग वाढ थांबते. तिलापियाच्या तळ्यात बोटाएवढी पिल्लं दिसायला लागली असतील तर तुमचा प्रॉब्लेम फीड नाही, गर्दी आहे. फीडवर पैसे घालू नका.

खाद्य किती आणि कधी टाकताय

हे फुकट आहे आणि बऱ्याच तळ्यांवर इथेच उत्तर मिळतं. मोठ्या होत आलेल्या माशांना साधारण अंगाच्या वजनाच्या 2-3 टक्के रोज, बोटुकलीला (बोटाएवढ्या पिल्लांना) 5-8 टक्के. म्हणजे 1000 मासे सरासरी 300 ग्रॅमचे असतील तर 300 किलो मासा, त्याला 2 टक्क्यांनी 6 किलो. आता बघा, मासे 300 चे झाले तरी गडी अजून 100 ग्रॅमच्या हिशोबानेच टाकतोय असं सर्रास असतं, कारण कोणी वजनच केलेलं नसतं. तेव्हा फीड कितीही भारी असो, मासा फक्त जिवंत राहतो. आणि याच्या उलटही असतं, मेलेले-पळालेले वजा न करता पूर्ण संख्येवर खाद्य चालू असतं आणि निम्मं तळाला कुजतं.

रोहू, कटला, मृगल यांना जठर नसतं, घशानंतर थेट आतडंच सुरू होतं. त्यांना एकदाच ढीगभर टाकलं तर पचत नाही, न पचता बाहेर जातं. दिवसातून निदान दोनदा, जमलं तर तीनदा विभागून टाका. पहिलं सकाळी ऊन वर आल्यावर 9-10 ला, कारण पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो आणि अशा वेळी खाल्लेलं पचवायलाच ऑक्सिजन पुरत नाही. ढगाळ दिवस असेल तर निम्मं करा.

एक टोपली घ्या, तळाला बारीक जाळी बांधा, त्यात मुठभर बुडणारं खाद्य टाकून दोरीने सोडा आणि तासा-दीड तासाने वर काढा. उरलं असेल तर कमी करा, चाटून पुसून खाल्लं असेल तर थोडं वाढवा. तरंगणारं पेलेट असेल तर हे डोळ्यांनीच दिसतं, 15-20 मिनिटांत संपलं पाहिजे.

पाणी

पाण्याला दोष असेल तर खाद्यातला ताळमेळ कितीही बरोबर असो, वाढ दिसणार नाही. पहाटे तळ्यावर जा, मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत का बघा. करत असतील तर आधी एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) किंवा नवीन पाणी, फीडचं नंतर. ऑक्सिजन 5 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असावा, 3 च्या खाली मासा खायचं टाळतो. थंडीत पाणी 20 डिग्रीच्या खाली गेलं की कार्पची भूक मंदावते, पंगस तर त्याच्याही आधी खाणं सोडतो. निफाड, नगर पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत "वाढत नाहीत" म्हणून फोन येतात, त्यात फीडचा काही संबंध नसतो, खाद्य कमी करून फेब्रुवारीची वाट बघायची एवढंच. आणि एप्रिल-मेमध्ये बागेला पाणी उपसून तळं निम्म्यावर आलेलं असतं, मासे मात्र तेवढेच, मग गर्दी दुप्पट झालेली असते हे पण लक्षात घ्या.

प्लास्टिकचं तळं आणि मातीचं तळं

इथे जरा थांबून सांगतो, कारण माझ्या मते आपल्या भागातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ हेच आहे आणि याबद्दल कोणी नीट सांगत नाही.

गावतळ्यात, पाझर तलावात पिढ्यानपिढ्या भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड समान भाग टाकून मासे किलोभराचे होतात. ते बघून शेततळंवाला तेच मिश्रण, बऱ्याचदा आणखी स्वस्त करून, टाकतो आणि मासा 300 ग्रॅमवर अडतो. का? कारण मातीच्या तळ्यात शेण-खत पडतं, पाणी हिरवट असतं, त्यात प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) असतात, आणि ते प्लवंग वाळवून तपासले तर अर्ध्याच्या आसपास प्रोटीनच असतं, तेही चांगल्या प्रतीचं, वर जीवनसत्त्वं आणि खनिजं. तळाच्या गाळात अळ्या-किडे. म्हणजे प्रोटीन तळं देत होतं आणि तुमचा कोंडा फक्त एनर्जी देत होता, दोन्ही मिळून ताळमेळ आपोआप बसत होता.

प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गाळ नाही, आणि पाणी हिरवं होऊ लागलं की ड्रिपचे फिल्टर चोक होतात म्हणून शेतकरी ते हिरवं होऊच देत नाही. द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात हेच चालतं आणि त्यांचंही चूक नाही, त्यांचं मुख्य पीक बाग आहे. पण मग मासा पूर्णपणे तुमच्या पिशवीवर अवलंबून. तेच कोंडा-पेंड तिथे अपुरं पडतं, एनर्जी मिळते, प्रोटीन-खनिजं पुरेशी मिळत नाहीत, मासा गोल होतो. धरणातल्या पिंजऱ्यातही तीच गोष्ट, जाळीच्या आत नैसर्गिक खाद्य जवळपास नाहीच.

तर तपासणी सोपी आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळहात कोपर बुडायच्या आधी दिसेनासा झाला आणि पाणी हिरवट-तपकिरी असेल, म्हणजे साधारण 25-40 सेंटीमीटरची पारदर्शकता, तर तळं काही वाटा उचलतंय, तुम्हाला हलकं फीड चालेल. तळ स्वच्छ दिसतोय तर हलक्या फीडवर मासा वाढणार नाही, तिथे पूर्ण संतुलित पेलेटच लागेल. हात 10 सेंटीमीटरवरच दिसेनासा झाला तर पाणी फार घट्ट झालंय, खाद्य कमी करा.

पिशवी, वास आणि बादली

पिशवीवर क्रूड प्रोटीन, क्रूड फॅट, क्रूड फायबर, मॉइश्चर लिहिलेलं असतं, आणि तारीख. प्रोटीन-फॅट "कमीत कमी" असतं आणि फायबर-मॉइश्चर "जास्तीत जास्त", हे वाचताना लक्षात ठेवा. तीन महिन्यांच्या वर जुनी पिशवी, त्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापलेली, तर जीवनसत्त्वं गेली आणि तेल खवट झालं असं धरून चाला. पिशवी उघडून वास घ्या, जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला तर टाकू नका. गुठळ्या, बुरशी, ओलसरपणा असेल तर अजिबात नाही, मॉइश्चर 12 टक्क्यांच्या वर गेलं की बुरशी धरते आणि शेंगदाणा पेंड, मका यांच्यावर अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष तयार होतं जे सरळ लिव्हरवर जातं. खवट खाद्याने आणि अफ्लाटॉक्सिनने पण लिव्हर बिघडतं आणि वाढ थांबते, तेव्हा ताळमेळाचा हिशोब करून उपयोग नाही, माल फेकायचा.

तेलासकटचा कोंडा गिरणीतून आणल्यावर फार लवकर खवट होतो, त्याच्यातलं एन्झाइमच तेल फोडतं. म्हणून साठवायचा असेल तर तेल काढलेला कोंडा घ्या.

एका पारदर्शक बरणीत पाणी घेऊन मुठभर पेलेट टाका. 10 मिनिटांत विरघळून पाणी गढूळ झालं तर तुमचे पैसे माशाच्या पोटात जातच नाहीयेत. कोंडा घेतला असेल तर तोही पाण्यात टाकून बघा, भाताचं तूस मिसळलेलं असेल तर ते वेगळं तरंगताना दिसतं. पेंडीत माती-वाळू असेल तर तळाला बसते. आणि पेलेटचा आकार माशाच्या तोंडात बसतोय ना तेवढं बघा.

एक मासा कापून बघा

एक मासा खर्च झाला तरी चालेल, यातून जेवढं कळतं तेवढं कशातूनच कळत नाही. गुदद्वारापासून पुढे पोट उघडा, आतडी फाडू नका. निरोगी रोहूत आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये चरबीचे बारीक धागे असतात, लिव्हर तिथेच आतड्यात गुंफलेलं असतं आणि रंगाने लालसर तपकिरी. आतडी दिसतच नाहीत एवढी पांढरी चरबी आणि लिव्हर फिकट-पिवळट, बोटाने दाबलं की फुटतंय, तर एनर्जी जास्त झालीये किंवा खाद्य खवट आहे. चरबी जवळपास नाहीच आणि पित्ताची हिरवी पिशवी मोठी भरलेली, तर मासा उपाशी आहे, फीडचा प्रकार नाही तर प्रमाण बघा. पंगसमध्ये पोटात चरबी मुळातच जास्त असते, तिथे दुसऱ्या चांगल्या तळ्यावरच्या माशाशी तुलना करा, नाहीतर उगाच घाबराल.

तीन-चार मासे बघा, एकावरून निर्णय नको.

आता कागदावरचा हिशोब

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच हे. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

प्रोटीनच्या एका ग्रॅमला 4 किलोकॅलरी, स्टार्चला 4, तेलाला 9. पिशवीवर स्टार्च लिहिलेला नसतो, तो असा काढा, 100 मधून प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर आणि राख (खाद्य जाळल्यावर उरणारी खनिजं) वजा. राख लिहिलेली नसेल तर 10 धरा. उदाहरण घ्या, 28 प्रोटीन, 4 फॅट, 6 फायबर, 10 मॉइश्चर, 10 राख, उरले 42. एनर्जी झाली 28 गुणिले 4 म्हणजे 112, अधिक 36, अधिक 168, एकूण 316 किलोकॅलरी 100 ग्रॅमला. 28 ग्रॅम म्हणजे 28000 मिलिग्रॅम भागिले 316, आले जवळपास 89. म्हणजे एका किलोकॅलरीमागे 89 मिलिग्रॅम प्रोटीन.

शेतीच्या बहुतेक माशांसाठी हा आकडा 80 ते 120 मध्ये सांगितला जातो, लहान माशाला वरच्या बाजूला, मोठ्याला खालच्या. तो पचलेल्या प्रोटीन आणि पचलेल्या एनर्जीवरचा आहे, आपला हिशोब ढोबळ आहे, पण दोन खाद्यांची तुलना करायला आणि ढळढळीत चूक पकडायला पुरेसा आहे.

आता ती नेहमी भेटणारी चूक बघा. घरचं मिश्रण, 4 भाग तेलासकटचा कोंडा, 3 भाग शेंगदाणा पेंड, 3 भाग मक्याचा भरडा. कोंडा साधारण 13 प्रोटीन, 14 तेल, 45 स्टार्च. पेंड 42, 7, 25. मका 9, 4, 70. मिळून प्रोटीन 20.5, तेल 8.9, स्टार्च 46.5. एनर्जी 348. भागाकार 59. हाच तो गोल मासा. मका घातला कारण स्वस्त होता आणि मासे आवडीने खातात. बेकरीचा शिळा माल, हॉटेलचा भात, बिस्किटाचा चुरा टाकणाऱ्यांचंही असंच होतं, ते सगळं एनर्जीच आहे. चिकनच्या दुकानातली आतडी-कातडी पंगसला टाकणारे तर चरबीच टाकतायत, वर पाणी आणि रोग. ते बंद करा.

तेच मिश्रण दुरुस्त कसं करायचं? मका काढा, कोंडा तेल काढलेला घ्या (साधारण 15, 1, 45) आणि पेंडीबरोबर समान भाग करा. प्रोटीन 28.5, तेल 4, स्टार्च 35, एनर्जी 290, भागाकार 98. फक्त एवढ्या बदलाने 59 वरून 98. खर्च किलोमागे वाढतो हे खरं, पण किलोभर मासा बनवायला खाद्य कमी लागतं, म्हणून एफसीआर आधी लिहून ठेवायला सांगितलं होतं.

त्याहून चांगलं करायचं तर सगळं प्रोटीन शेंगदाणा पेंडीतून घेऊ नका. तिच्यात लायसिन आणि मेथिओनिन कमी पडतं, आणि एखादं अमिनो आम्ल कमी पडलं की बाकीचं प्रोटीन असूनही अंगाला लागत नाही, जळून जातं. सोयाबीन पेंडीत लायसिन चांगलं असतं. 50 किलो तेल काढलेला कोंडा, 30 शेंगदाणा पेंड, 20 सोयाबीन पेंड घेतली तर प्रोटीन 29.5 येतं पण तेल 3 च्या खाली जातं, म्हणून वरून 2 किलो सोयाबीन किंवा राइसब्रान तेल. मग भागाकार 97 च्या आसपास राहतो. कार्पच्या खाद्यात एकूण तेल 5-8 टक्क्यांच्या वर नको.

लातूर-विदर्भाकडच्यांनी लक्ष द्या, घरचं कच्चं सोयाबीन भरडून टाकू नका. त्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतं, ते प्रोटीन पचूच देत नाही. भाजून किंवा शिजवूनच, आणि त्यात 18-20 टक्के तेल आहे हे हिशोबात धरून. सरकी पेंडीत गॉसिपॉल असतं, ते लायसिनला बांधून ठेवतं, म्हणून ती थोडीच आणि नेहमीसाठी नको.

आणखी एक, जे हिशोबात दिसत नाही. फॉस्फरस. कोंडा-पेंडीतला फॉस्फरस बराचसा फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, मासा तो काढू शकत नाही, आणि फॉस्फरस कमी पडला की कार्प माशात चरबी वाढते आणि वाढ मंदावते. म्हणजे लक्षणं हुबेहूब जास्त एनर्जीची. मातीच्या तळ्यात हे नैसर्गिक खाद्यातून भागतं, प्लास्टिकच्या तळ्यात नाही. आणि जठर नसल्यामुळे, म्हणजे पोटात आम्ल नसल्यामुळे, हाडांची पावडर यांना फारशी पचत नाही, मोनोकॅल्शियम फॉस्फेट लागतं. घरी मिश्रण करणाऱ्यांनी हे फॉस्फेट 1 टक्का आणि सोबत माशांचं मिनरल मिक्श्चर पॅकवरच्या प्रमाणात घाला.

उलटा प्रॉब्लेम असेल तर

काटकुळा मासा, हिरवं पाणी, महागडं फीड. बहुतेक वेळा मोठ्या माशाला पिल्लांचं फीड चालू असतं, किंवा कोणीतरी कोळंबीचं उरलेलं 35-40 प्रोटीनचं खाद्य स्वस्तात दिलेलं असतं. एक किलो 32 प्रोटीनच्या खाद्यात सुमारे 51 ग्रॅम नायट्रोजन असतो, त्यातला पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगात जातो आणि बाकी पाण्यात. पाण्याचा पीएच आणि तापमान जास्त असलं की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, म्हणून दुपारच्या उन्हात हिरव्यागार तळ्यात मासा सगळ्यात जास्त त्रासात असतो.

उपाय, माशाच्या वयाप्रमाणे खाली या. कार्पला बोटुकलीपर्यंत 30-32, मोठं होताना 26-28, हिरव्या मातीच्या तळ्यात शेवटी 24 सुद्धा चालतं. पंगसला सुरुवातीला 32, मग 28, मग 24. मात्र खाली येताना फॅट 4 च्या खाली जाऊ देऊ नका.

बदल करताना

एका वेळी एकच गोष्ट बदला. नवीन खाद्य 7-10 दिवसांत हळूहळू मिसळत न्या, चौथा हिस्सा, अर्धा, पाऊण, पूर्ण. मग 15 दिवसांनी आणि पुन्हा 30 दिवसांनी वजन. आतली चरबी एका आठवड्यात जात नाही, पण लांबी वाढायला लागली की समजा रस्ता बरोबर आहे. दोन तळी असतील तर एकाच तळ्यात बदल करून दुसऱ्याशी ताडून बघा, याच्यापेक्षा खात्रीशीर पुरावा दुसरा नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

हिशोब बरोबर, पाणी बरोबर, माल ताजा, तरी महिन्याभरात फरक नाही, तर खाद्याचा नमुना लॅबला द्या. आपण पिशवीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवून हिशोब केलेला असतो. लॅबला सांगताना क्रूड प्रोटीन, फॅट, फायबर, राख, मॉइश्चर हे पाच सांगा, आणि पेंड सुटी घेतली असेल तर युरियाची टेस्ट वेगळी मागा, कारण प्रोटीनची टेस्ट नायट्रोजन मोजून 6.25 ने गुणते, त्यात कोणी युरिया मिसळला असेल तर तोही प्रोटीन म्हणूनच दिसतो. बुरशीची शंका असेल तर अफ्लाटॉक्सिन पण. नमुना एकाच पिशवीच्या तोंडचा नको, चार-पाच पिशव्यांतून मुठी घेऊन एकत्र करा, सीलबंद द्या, अर्धा स्वतःकडे ठेवा.

अंगावर लाल चट्टे, जखमा, खवले उभे राहिलेले, डोळे बाहेर आलेले, उवा, किंवा रोज मर चालू झाली, तर फीडचा विचार सोडून त्याच दिवशी माणूस गाठा. अशा वेळी दुकानातून अँटिबायोटिक आणून खाद्यात मिसळू नका, रोग कोणता ते कळायच्या आधी औषध घातलं तर नंतर तपासणीतही काही सापडत नाही. लिव्हर फुटणारी, फिकट, सगळ्याच माशांत सापडली तरी स्वतः प्रयोग नकोत. पिंजऱ्यात हजारोंनी मासे असतील तर स्वतःचं मिश्रण बनवून टाकायचा निर्णय मत्स्य आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय घेऊ नका, तिथे चूक झाली तर सुधारायला वेळ मिळत नाही.

विचारायचं कुठे, तर जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय खात्याचं ऑफिस, जवळचं कृषी विज्ञान केंद्र, रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, मराठवाड्यात उदगीर आणि विदर्भात नागपूरचं मत्स्य विज्ञान महाविद्यालय, मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई (केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था). जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. वजनाची वही, रोजच्या खाद्याचा हिशोब, पिशवीवरच्या लेबलचा फोटो, पाण्याचा पीएच आणि अमोनिया, आणि मासा न्यायचा असेल तर मेलेला कुजका नाही, जिवंत किंवा नुकताच काढून बर्फात ठेवलेला. बर्फ आणि माशाच्या मध्ये प्लास्टिकची पिशवी ठेवा, आणि फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठवलेल्या माशाचं लिव्हर तपासता येत नाही.